बायोडाटा फिरतो, फोटो फिरतो, नंबर फिरतो: घराच्या ऑनलाइन खासगीपणाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये माहिती चोराने चोरलेली नाही. ती आपल्याच कोणीतरी, बहुधा प्रेमाने किंवा उत्साहाने, पुढे पाठवली आहे. त्यामुळे उत्तरांमध्ये सेटिंग्जइतकंच घरातल्या माणसांशी काय बोलायचं हेही आलं आहे. ॲपमधल्या मेनूंची नावं अधूनमधून बदलतात. इथे दिलेलं नाव जागेवर सापडलं नाही, तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत तोच शब्द टाकून पाहा.

मुलीचा बायोडाटा आम्ही एका वधूवर मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. दोन महिन्यांत तो भलत्याच ग्रुपांतून फिरून आमच्याकडेच परत आला. तिला अनोळखी फोन येतात आणि गूगलवर तिचं नाव टाकलं की ती पीडीएफ दिसते. तो मागे कसा घ्यायचा? (सातारा)

ग्रुपांतून तो पूर्ण मागे येणार नाही. व्हॉट्सॲपवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ सुमारे अडीच दिवसच चालतं, आणि तेही तुम्ही स्वतः पाठवलेल्या मेसेजला. पुढे कोणी फॉरवर्ड केलेली प्रत त्याने पुसली जात नाही. ज्या ग्रुपांची नावं कळली आहेत तिथल्या ॲडमिनला मात्र एक ओळ जरूर लिहा: ‘हा बायोडाटा बंद केला आहे, कृपया ग्रुपमधून काढा.’ ॲडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसता येतो, हे पुष्कळ ॲडमिनना माहीत नसतं.

गूगलचं काम वेगळं आहे आणि ते होण्यासारखं आहे. आधी ती पीडीएफ नेमक्या कोणत्या संकेतस्थळावर आहे ते बघा. बहुतेक वेळा ती एखाद्या मंडळाच्या साइटवर नाहीतर कागदपत्रं चढवायच्या फुकट साइटवर असते. त्या साइटला ईमेल करा आणि त्यात पानाचा पूर्ण पत्ता द्या, फक्त स्क्रीनशॉट नको. साइटने काढल्यावरही गूगलमध्ये काही दिवस जुना मजकूर दिसत राहतो. त्यासाठी गूगलचं ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ हे साधन वापरा. साइटने दादच दिली नाही, तर वैयक्तिक माहिती काढण्याचा गूगलचा वेगळा अर्ज आहे. त्यात फोन नंबर, घरचा पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक यांचा उल्लेख करा, नुसतं ‘बदनामी होते’ लिहून उपयोग नाही. गूगल फक्त शोधाच्या यादीतून पान काढतं, मूळ पान जिथल्या तिथे राहतं. म्हणून साइटचा पाठपुरावा सोडू नका.

आता नवा बायोडाटा. आपल्या पारंपरिक बायोडाट्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, घरचा पत्ता, पगार, कंपनी आणि मामांचं कूळ एकाच पानावर असतं. मामांचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि कित्येक जुन्या खात्यांचा सुरक्षा प्रश्न नेमका तोच असतो. गंडवणाऱ्याला आयता ऐवज. म्हणून बायोडाटा दोन टप्प्यांत करा. पहिल्या पानावर नाव, जन्मवर्ष, उंची, शिक्षण, कामाचं क्षेत्र, शहर आणि हवं तर रास-नक्षत्र. जन्मवेळ, देवक, मामांचं कूळ, कंपनीचं नाव, पगार आणि पत्ता हे समोरच्या घराशी फोनवर बोलणं झाल्यावरच. चांगली स्थळं यामुळे दुरावत नाहीत. ज्यांना खरंच रस आहे ते एक फोन करतातच.

संपर्काला मुलीचा नंबर कधीच देऊ नका. वडिलांचाही रोजचा, बँकेशी जोडलेला नंबर देऊ नका. वेगळं सिम घ्या आणि लग्न ठरलं की बंद करा. फोटो दोनच द्या आणि ते तिने इन्स्टाग्रामवर टाकलेले नसावेत, कारण गूगल लेन्समध्ये बायोडाट्यातला फोटो टाकून थेट तिच्या खात्यापर्यंत जाता येतं. फोटोची लांब बाजू हजार पिक्सेलच्या आत ठेवा. फोटोवर आडवं, चेहऱ्याच्या कडेपर्यंत जाईल असं लिहा: ‘फक्त विवाहासाठी’, पुढे महिना आणि वर्ष. प्रत्येक मंडळाला पाठवताना कोपऱ्यात वेगळं अक्षर टाका, क, ख, ग असं. पुढे फोटो भलतीकडे दिसला, तर तो कुठून फुटला ते त्या अक्षरावरून कळतं.

हमखास होणारी एक चूक: वर्डमध्ये पगाराच्या ओळीवर काळी पट्टी ठेवून पीडीएफ करतात. पट्टीखालचा मजकूर तसाच राहतो, निवडून कॉपी केला की वाचता येतो. ओळ पुसूनच टाका. फाइलच्या नावात मोबाइल नंबर घालायची पद्धतही सोडा.

सध्या येणाऱ्या फोनांसाठी तिच्या व्हॉट्सॲपवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स इथे ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ चालू करा. तिथेच प्रोफाइल फोटो आणि ‘ग्रुप्स’ या दोन्हींना ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा. फोन करणारा तोच माणूस नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करत असेल, तर तो पाठलाग ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये त्याची तरतूद आहे. तेव्हा कॉल लॉग पुसू नका.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. बाळ आठ महिन्यांचं आहे. आम्ही त्याचे फोटो कुठेच टाकत नाही, पण नाशिकला सासरे रोज स्टेटसला आणि फेसबुकवर टाकतात. सांगितलं तर वाईट वाटतं त्यांना. (न्यू जर्सी)

‘फोटो टाकू नका’ एवढंच सांगितलं तर आजोबांच्या हातातून नातू काढून घेतल्यासारखं होतं. त्यापेक्षा दाखवायची जागा बदलून द्या. गूगल फोटोजमध्ये एक सामायिक अल्बम करा, घरातल्या माणसांना नावानिशी जोडा आणि ‘लिंक शेअरिंग’ बंद ठेवा. ते चालू राहिलं तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम उघडतो. आजोबांना व्हॉट्सॲपवर मूळ फोटो न पाठवता त्या अल्बमचीच सवय लावा.

मग पुढच्या भेटीत, किंवा व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवायला सांगून, त्यांच्या फोनवर तीन गोष्टी करा. व्हॉट्सॲप स्टेटसची प्रायव्हसी ‘ओन्ली शेअर विथ’ वर आणून दहा-बारा नातेवाईक निवडा. मुळात ती सगळ्या कॉन्टॅक्ट्सना असते, म्हणजे दूधवाला, गॅसवाला आणि चार वर्षांपूर्वी कपाट करून गेलेला सुतार यांच्याकडेही आजोबांचा नंबर जतन असेल तर बाळ रोज त्यांना दिसतं. दुसरं, फेसबुकवर पोस्टच्या वर पृथ्वीगोलाचं चिन्ह असेल तर ती पोस्ट जगजाहीर आहे. पुढच्या पोस्ट ‘फ्रेंड्स’ वर आणा आणि मागच्यांसाठी ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ वापरा. हे एका फटक्यात होतं, पण एका फटक्यात परत उलटवता येत नाही, म्हणून त्यांना विचारून करा. तिसरं, त्यांच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपने साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची नोंद गळून पडते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती सोबत जाते. मूळ दर्जाचा फोटो मिळावा म्हणून बरेच जण तसंच पाठवतात.

न्हाऊ-माखू घालतानाचे, तेल लावतानाचे उघडे फोटो आणि व्हिडिओ कुठेच टाकू नयेत, खासगी ग्रुपवरही नाही. यावर मात्र घरात सरळ बोला, आडवळणाने नको. बाकी बारशाचा एखादा फोटो त्यांनी त्यांच्या दहा जणांना दाखवला तर दाखवू द्या. आणि दर महिन्याला तीन-चार फोटो छापून पाठवा. छापलेला फोटो हातात असला की स्टेटसची ओढ कमी होते असं दिसतं.

फेसबुक प्रोफाइल ‘लॉक’ केलं की सगळं सुरक्षित का? (परभणी)

नाही. लॉकने अनोळखी माणसाला तुमच्या पोस्ट आणि मोठा फोटो दिसत नाही. गावाच्या पेजवर, बातमीखाली किंवा सार्वजनिक ग्रुपात तुम्ही केलेली कमेंट सगळ्यांना दिसतच राहते. ‘ॲक्टिव्हिटी लॉग’ उघडा, कमेंट्स निवडा, जुन्या नकोशा पुसा. नोकरीसाठी नाव शोधणारे लोक पोस्टपेक्षा या कमेंटच आधी पाहतात.

माझ्या नावाने आणि फोटोने दुसरं फेसबुक खातं उघडून माझ्या माजी विद्यार्थ्यांकडे पैसे मागितले जात आहेत. ‘सीआरपीएफमधल्या मित्राची बदली झाली, फर्निचर स्वस्तात देतोय’ असा मेसेज आहे. मला ते खातं दिसतच नाही. (कोल्हापूर)

दिसत नाही, कारण बनावट खातं उघडणारा सर्वात आधी तुम्हालाच ब्लॉक करतो. ज्याला मेसेज आला त्या विद्यार्थ्याला सांगा: त्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून लिंक कॉपी करून पाठव आणि तिथूनच ‘रिपोर्ट’, ‘फेक प्रोफाइल’, ‘अ फ्रेंड’ निवडून तुमचं खरं खातं दाखव. लिंक हवीच. त्यातला आकडी ओळखक्रमांक नाव बदललं तरी बदलत नाही, आणि असे लोक रिपोर्ट झाल्याचा वास लागताच नाव बदलतात. पाच-सात जणांनी रिपोर्ट केलं तर बरं, पण ते तुमच्या खऱ्या खात्याचे मित्र असावेत.

तुमच्या खऱ्या खात्यावर एकच पोस्ट टाका, त्यात बनावट खात्याचा स्क्रीनशॉट आणि ‘मी पैसे मागितलेले नाहीत’. शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही तेच पाठवा, कारण वसुली तिथूनच होते. कोणी पैसे भरले असतील तर त्याने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ते रोखता येतात, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६क (इंग्रजी कायद्यात सी) आणि ६६ड (डी) या कलमांत दुसऱ्याची ओळख वापरण्याला आणि तशी फसवणूक करण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणि पुन्हा होऊ नये म्हणून मित्रांची यादी ‘ओन्ली मी’ करा. फोटो कोणीही उचलेल. पण कोणाला मेसेज करायचा ते त्याला तुमच्या उघड्या यादीतून कळलं.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. वर्गातल्या कोणीतरी तिच्या इन्स्टाग्राममधल्या फोटोवरून एआयने अश्लील फोटो बनवला आणि तो ग्रुपांत फिरतोय. एक अनोळखी खातं ‘पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो’ म्हणतंय. आम्ही हादरलो आहोत. (पुणे जिल्हा)

आधी मुलीला सांगा की चूक तिची नाही, आणि तिचा फोन काढून घेऊ नका. फोन जाईल या भीतीनेच मुलं पुढचे मेसेज लपवतात.

पैसे देऊ नका. दिले की मागणी वाढते. त्या खात्याला ब्लॉक करण्याआधी पुरावा घ्या: खात्याचं युजरनेम आणि लिंक, धमकीच्या मेसेजांचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट, पैसे मागताना दिलेला यूपीआय आयडी किंवा क्यूआर. चॅट पुसू नका.

इथे एक गोष्ट नीट वाचा. तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पाठवू नका, मामाला नाही, वर्गशिक्षिकेला नाही, वकिलालाही व्हॉट्सॲपवर नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचं असं चित्र पाठवणं, साठवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली (इंग्रजीत बी) आणि पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) गुन्हा आहे. पोलिसांना तो ज्या फोनवर आला आहे त्याच फोनवर दाखवा.

मग ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेकडे जा. ती अमेरिकेतली बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था चालवते आणि इतर देशांतल्या मुलांनाही वापरता येते. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या, उदाहरणार्थ इन्स्टाग्राम आणि फेसबुक, तो ठसा जुळणारी चित्रं काढतात. मर्यादा दोन आहेत. फोटो कापला किंवा बदलला तर ठसा बदलतो, तेव्हा सापडेल त्या प्रत्येक आवृत्तीचा ठसा द्यावा लागतो. आणि व्हॉट्सॲपच्या बंदिस्त चॅटमध्ये हे चालत नाही. तिथे मेसेज दाबून धरून ‘रिपोर्ट’ करायचं. अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी अशीच ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा आहे.

इन्स्टाग्रामवर त्याच वेळी नग्नतेच्या सदराखाली रिपोर्ट करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा चित्रांच्या तक्रारीवर, बनावट चित्रांसह, २४ तासांत कारवाईचं बंधन कंपन्यांवर घातलं, म्हणून तक्रारीची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा. ‘नियमभंग आढळला नाही’ असं ठोकळेबाज उत्तर आलं तर तिथेच थांबू नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा आणि त्याच्या उत्तरावर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

पोलीस तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. स्त्रिया आणि मुलांच्या तक्रारीसाठी तिथे नाव न देण्याचीही सोय आहे, पण निनावी तक्रारीचा पुढे माग ठेवता येत नाही. तुमच्या बाबतीत धमकी चालू आहे, म्हणून नावानिशी करा आणि पोलीस ठाण्यातही जा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाचा गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. मदतीला चाइल्डलाइनचा १०९८ आहे. चित्र बनवणारा वर्गातलाच असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. मुलीचं किंवा त्याचंही नाव, शाळा, फोटो कुठेही प्रसिद्ध करता येत नाही, आणि हे पालकांच्या ग्रुपवर संताप व्यक्त करणाऱ्यांनाही लागू आहे. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि त्यातही चित्राचं वर्णन नको.

सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीची क्लिप टाकून ‘गाडीवर ओरखडा याच मुलाने काढला’ असं लिहिलंय. मुलगा निर्दोष आहे. क्लिप भागातल्या फेसबुक पेजवरही गेली. आम्ही ग्रुपवर उत्तरं देऊन थकलो. (ठाणे)

उत्तरं देणं थांबवा. पेजवर प्रत्येक नव्या कमेंटने ती पोस्ट आणखी लोकांना दिसते, म्हणजे तुमच्याच खुलाशावर ती चालते. ग्रुपवर एकदा, चार ओळींत लिहा: आरोप चुकीचा आहे, त्या वेळी मुलगा कुठे होता, पूर्ण चित्रण समितीने जपून ठेवावं, क्लिप काढावी. मग गप्प.

चित्रण जपण्याची मागणी समितीकडे आजच लेखी करा. सीसीटीव्हीच्या यंत्रात जागा संपली की जुन्यावर नवं लिहिलं जातं आणि तुमच्या बाजूचा पुरावा आपोआप जातो. तीस सेकंदांच्या क्लिपच्या आधीची आणि नंतरची पाच-दहा मिनिटंच बहुधा खरं काय ते सांगतात.

पेजच्या चालकाला आधी साधा मेसेज, मग वकिलाची नोटीस. बदनामी हा न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, पण तो अदखलपात्र असल्याने ठाण्यात एफआयआर होत नाही, दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागते. स्क्रीनशॉट कोर्टात टिकायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ज्या फोनवर ते घेतले तो फोन विकू नका. ॲडमिनवर मात्र सरसकट राग काढू नका. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, संगनमत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरीही पुसायचं बटण त्याच्याकडेच आहे, तेव्हा त्याच्याशी गोडीने बोला.

वडील जाऊन महिना झाला. त्यांचं फेसबुक, ईमेल, मोबाइल यांचं काय करायचं? वाढदिवसाला लोक त्यांना शुभेच्छा देतात, ते बघवत नाही. (रत्नागिरी)

फेसबुकला मृत्यूचा दाखला देऊन खातं ‘मेमोरियलाइज’ करता येतं. नावापुढे स्मरणाचा शब्द येतो आणि वाढदिवसाची आठवण जाणं थांबतं. खातं पूर्ण काढायचं असेल तर जवळच्या नातेवाइकाने तसा अर्ज करावा. वडिलांनी आधी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे आपल्यामागे खातं सांभाळणारी व्यक्ती, नेमली असेल, तर त्या व्यक्तीला प्रोफाइल फोटो बदलता येतो, पण मेसेज वाचता येत नाहीत. गूगलचा दिवंगत व्यक्तीच्या खात्यासाठी वेगळा अर्ज आहे. पासवर्ड ते देत नाहीत. आईच्या आणि तुमच्या गूगल खात्यात आत्ताच ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ भरून ठेवा, म्हणजे खातं ठरावीक काळ वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं ते आधीच ठरतं. त्यात ३ ते १८ महिन्यांची मुदत आणि दहापर्यंत माणसं निवडता येतात.

मोबाइल नंबर सगळ्यांत शेवटी बंद करा. त्यावर बँक, विमा, डीमॅट, गॅस, आधार सगळं टांगलेलं असतं. त्यांच्या ओटीपीने खात्यातले पैसे काढायचा मोह मात्र नको, इतर वारसांनी हरकत घेतली तर तुम्हीच अडचणीत याल. दाखला आणि वारसनोंदीने रीतसर दावा करा. एकेक ठिकाणचा नंबर बदलून झाल्यावर व्हॉट्सॲपमध्ये आतूनच ‘डिलीट अकाउंट’ करा, म्हणजे ते सगळ्या ग्रुपांतून आपोआप बाहेर पडतील. मग सिम परत करा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि त्या माणसाने व्हॉट्सॲप सुरू केलं की तुमच्या आईच्या फोनमध्ये ‘हे’ या नावाखाली एखादा अनोळखी चेहरा दिसू लागेल. तिच्या फोनमधला नंबर त्याआधी तिला विचारून, तिच्याच हाताने काढायला लावा.